नवं पातेलं

आष्टा
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

…आणि त्या रविवारी मी रोजच्यासारखीच साडेपाचला उठले होते. अंगण झाडून सडा टाकला, बंब पेटवला, पाणी तापेपर्यंत कढईत शेंगदाणे भाजायला घेतले. सुपात चोळून साली पाखडल्या तेव्हा दारात चिमण्या जमल्या. आठवड्याचं कूट करून ठेवलं. दोन भाकरी थापल्या, एक खाल्ली, एक फडक्यात बांधली. तुझ्या बाबांच्या फोटोवरची धूळ पुसली आणि सव्वाआठची सांगली एसटी धरली. पिशवीत सोललेला लसूण, कढीपत्ता, माझा चष्मा आणि वाचनालयाचं पुस्तक.

संयू, पत्र असं मधूनच सुरू केलं म्हणून रागावू नको. ‘तू कशी आहेस’ असं लिहून तीन कागद फाडले.

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे लिहिणं. दुसरीत शाळा सुटलेली बाई मी. तुझे बाबा पलटणीत असताना त्यांची पत्रं शेजारची आक्काताई मला वाचून दाखवायची आणि मधेच थांबून स्वतःशी हसायची. त्या हसण्याच्या रागानं मी दोन महिन्यांत वाचायला शिकले. तेव्हापासून महत्त्वाचं काही असलं की मला कागद लागतो. तोंडानं माणूस खोटं बोलतो, कागदावर जमत नाही, असं मी तुम्हा भावंडांना सांगत आले.

त्या दिवशीचं तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण क्रम लावल्याशिवाय मला काही सुचत नाही. दुपारी एकला आपल्या हॉटेलात, हंबीर्समध्ये, माधवनगरचं आठ जणांचं टेबल आलं. त्यातल्या मायाताई, शाळेत शिकवतात त्या, त्यांना शेंगदाणा चालत नाही. तू स्वतः बाहेर जाऊन विचारलंस, वहीत लिहून घेतलंस, आत येऊन सगळ्यांना मोठ्यानं सांगितलंस. भाजलेल्या कोंबडीवरचा तुझा तो कांद्याचा रस्सा त्यांच्यापुरता वेगळा शिजवलास. चौथ्या घासाला त्यांचे ओठ सुजले, मग श्वास अडकायला लागला. त्यांच्या यजमानांनी, प्रबुद्धरावांनी, त्यांना उचलून गाडीत घातलं. चार दिवस दवाखान्यात होत्या. आता घरी आहेत, एवढं हॉटेलातल्या अर्जुनाकडून कळलं.

जयराज भाऊ असून तुझ्यावर सगळ्यांदेखत ओरडला, ते त्याचं चुकलं. बाबांच्या नावानं काढलेलं हॉटेल, त्याला अजून वर्ष झालेलं नाही, त्यात हे. तो ओरडत होता आणि तू एकदम माझ्याकडं वळून विचारलंस, “आई, तू इथंच होतीस ना? मी नवं पातेलं घेतलं होतं ना?”

मी म्हणाले, “मला आठवत न्हाई गं.”

घाबरले होते, संयू. सगळं एकदम झालं. आता वयही झालं. त्या भरात तसं म्हणून गेले असेन. तू ते मनाला लावून घेऊ नको. साताऱ्याला तुझ्या मैत्रिणीच्या, शिवांजलीच्या घरी तुला थंडीत पांघरूण पुरतं का ते कळव.

तुझी आई


आष्टा
सोमवार, १७ फेब्रुवारी

संयू,

उत्तर नाही. सातारा काही लांब नाही, पत्र तिसऱ्या दिवशी पोचतं असं पोस्टमन म्हणाला. म्हणजे तुला मिळालं आहे.

काल रविवारी मी हंबीर्सला गेले होते. बाहेर पाटी तशीच आहे, खाली ‘ब्रासरी’ लिहिलेली. बारा टेबलांपैकी तीनच भरली होती. पांढरे कपडे घातलेली पोरं भिंतीला टेकून उभी होती. तुझ्या जागी जयराजनं पुण्याहून कुणी माणूस आणला आहे. तो रस्सा ढवळताना चव घेत नाही, नुसता घड्याळाकडं बघतो.

मला पहिला महिना आठवला. नाथाजीमामा आले होते, बाबांचे दोस्त. फेटा बांधून, काठी टेकत. जयराजनं त्यांना खिडकीजवळ बसवलं. त्यांनी कार्ड उलटं धरलं, सुलटं धरलं आणि तुला हाक मारली.

“पोरी, ब्रासरी म्हंजी काय गं?”

तू म्हणालीस, “मामा, फ्रान्समधली साधी खानावळ. कधीही या, निवांत बसा, जेवा.”

“आन् साध्या खानावळीला पांढरा टेबलक्लॉथ?” मग ताट आलं. मामांनी आधी ताटाकडं बघितलं, मग तुझ्याकडं. “एवढं मोठं ताट, आन् वाढलंस एवढूसं. पोरी, ताट इसळायची तरी मजुरी निघती का?”

शेजारची टेबलंसुद्धा हसली. तूही हसलीस. मग त्यांनी पावाचा तुकडा कांद्याच्या रश्शात बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. “ह्यो मातूर घरच्यावानी लागतुया. हंबीररावाच्या घरचा रस्सा ह्यो.”

आत येऊन तू मला मिठी मारलीस. “आई, फ्रेंच रस्सा मामांना घरचा वाटला!” मी लसूण सोलत होते. 

त्या स्वयंपाकघरात तू मला खुर्ची दिलीस, ही गोष्ट मी विसरणार नाही. तुझे बाबा गेल्याला तीन वर्षं झाली. रडू आता येत नाही. पण बाजारात गेले की अजून दोघांपुरती वांगी घेते आणि घरी आल्यावर निम्मी वाळतात. माझ्या हातचं कुणी खात नव्हतं. शनिवार-रविवार हंबीर्समध्ये लसूण सोलताना तरी आपण चार माणसांत आहोत असं वाटायचं. तू मात्र मला लसणापलीकडं हात लावू द्यायची नाहीस. “आई, इथं सगळं मापानं असतं.” बरोबर होतं तुझं.

अन्न खात्यानं त्या दिवशी उरलेला रस्सा तपासायला नेला होता. त्याचा अहवाल आला. त्यात शेंगदाणा निघाला. जयराजनं लिहून दिलं आहे की स्वयंपाकघर संयोगिता बघत होती आणि शेंगदाण्याच्या दुसऱ्या पदार्थाच्या पातेल्याशी अदलाबदल झाली असावी. तुला दहा मार्चला जबाबाला बोलावलं आहे म्हणे.

तू काय सांगणार आहेस?

आई


आष्टा
बुधवार, २६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

संयू,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. “आई, पत्रं नकोत. दहाला येऊन सही करून जाईन, चूक माझीच असेल.”

‘असेल’ हा शब्द मी सकाळपासून बघते आहे. चूक माझी आहे असं तू लिहिलं असतंस तर मी समजले असते की तू रागानं लिहिलं आहेस.

दुपारी अर्जुना येऊन गेला. वडूजला घरी चालला होता, वाटेत उतरला. बाबांच्या पलटणीतला स्वयंपाकी, आता तुमच्या स्वयंपाकघरात, मिशा पांढऱ्या झाल्या तरी अजून मला बघितल्यावर ताठ उभा राहतो. मी उपवासाचं ताट केलं, वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी. तो जेवला. मी पाटावर बसले, आमटीत भात कालवला आणि घास तोंडापर्यंत नेता येईना.

“वैनी, तुमी का जेवंना?”

“भूक न्हाई.”

त्यानं वाटी खाली ठेवली. “संयूताईचं कळलं का? त्यांनी सुऱ्या विकायला काढल्यात.”

“कुठल्या सुऱ्या?”

“त्यांच्याच की. त्या चामड्याच्या गुंडाळीतल्या. साताऱ्यातल्या मोठ्या हाटेलानं त्यांना किचन सांभाळा म्हणून बोलावलं हुतं. न्हाई म्हणाल्या. तिथंच काउंटरवर बसती म्हणाल्या. शिवांजलीताईंनी मला फोन केला. म्हणाल्या, संयू घरात च्याबी करंना. सारखी हात धुती. आपल्या हातावर आपला इस्वास ऱ्हायला न्हाई म्हणती.”

मी उठून आमटीचं भांडं मोरीत ओतलं. अर्जुना बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “वैनी, म्या तीस वर्सं पलटणीच्या लंगरात, सैपाकात काढली. दुसऱ्याच्या डेगीत हात घालायचा न्हाई, ह्यो पयला कायदा. तुमी बी त्यो ऐकलाय, सायेबांच्या तोंडून.”

“तू काय बघितलंस, अर्जुना?”

“म्या काय बघितलं न्हाई. एक डबा हुता, त्यो म्या त्याच दिशी घासून माळ्यावर टाकला. त्याच्यापुढं मला इचारू नगा. तुमचं मीठ खाल्लंय.”

तो गेला. तेव्हापासून मी ओसरीवर बसून लिहिते आहे.

संयू, मला आठवत होतं. तू नवं पातेलं घेतलं होतंस. फडताळातून काढलंस, गरम पाण्यानं धुतलंस, कोऱ्या फडक्यानं पुसलंस. डावही नवा घेतलास. मी तुझ्यापासून चार हातांवर होते. सगळं मला तेव्हाही दिसत होतं आणि तू विचारलंस तेव्हाही आठवत होतं.

पुढचं आज लिहवत नाही. पण सुऱ्या विकू नको. एवढं ऐक.

आई


आष्टा
शनिवार, १ मार्च

संयू,

पहिल्या पत्रात पिशवीतल्या वस्तू लिहिल्या होत्या. त्यात एक डबा लिहिला नाही. स्टीलचा, झाकणावर बाबांचं नाव कोरलेला. त्यात कूट होतं.

तो डबा त्या दिवशी पहिल्यांदा आणला नव्हता. हंबीर्स सुरू झालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी तुझा रस्सा चाखला. मंद आचेवर कांदा परतून केलेला, वास सुरेख, पण जिभेवर मला तो पातळ लागला. आपल्याकडं वांगं असो, गवार असो, कूट घातल्याशिवाय बाईचा हात थांबत नाही. तू बाहेर गेलीस आणि मी दोन चमचे बारीक कूट तेलावर लालसर परतून आत ढवळलं. कांद्याच्या रंगात ते दिसलंही नाही. त्याच आठवड्यात नाथाजीमामा म्हणाले, घरच्यावानी. तू मला मिठी मारलीस. त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण मला गोड वाटलं. लोक तुझं कौतुक करायचे आणि मी लसूण सोलताना मनात म्हणायचे, तो माझा हात आहे. नंतर प्रत्येक शनिवार-रविवार तेच केलं. इतर दिवशी रस्सा वेगळा लागतो असं एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, तेव्हा तू आठवडाभर कांदे बदलून बघत होतीस. तेही मी बघितलं आणि गप्प राहिले.

आता त्या दुपारचं. तू सगळ्यांना बजावलंस, ते मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं लिहून सुटता आलं असतं, गेले तीन दिवस मी तेच वाक्य मनात घोळवत होते. पण ऐकलं होतं. मला वाटलं, शेंगदाण्यानं कुणाला काय होतंय? उपासाला चालतो, बाळंतिणीला देतो, शाळेच्या पोरांना गुळाबरोबर देतो. शहरातली नवी थेरं, असं वाटलं. आणि आठ जणांचं मोठं टेबल, त्यांच्यातल्या एकीलाही रस्सा पातळ लागला तर तुझं नाव जाईल, असंही वाटलं. त्या नव्या पातेल्यात एकच चमचा कूट परतून घातलं. तू पाठमोरी होतीस.

काल जयराजला सांगितलं. टेबलांवर अजून कुणी आलं नव्हतं, तो काटे-चमचे पुसत होता. मान वर न करता म्हणाला, “मला ठाऊक हाय.”

“कवापासनं?”

“त्याच दिवसापासनं. कूट परतल्याचा वास मला कळत न्हाई व्हय? तुझ्याच हातचं खाऊन मोठा झालोय.”

“आन् तरी पोरीवर ढकललंस?”

तेव्हा त्यानं मान वर केली. डोळे लाल होते. “आई, तुझं नाव रजिस्टरला न्हाई. स्वयंपाकघरात हात लावणाऱ्या परत्येकाची डॉक्टरी तपासणी लागती, नोंद लागती. बिननोंदीचं माणूस आत होतं म्हटलं, तर लायसन जातंय. बाबांच्या नावाची पाटी उतरवायची का? संयूचं काय, तिला समज देतील, दंड करतील. ती शिकलेली हाय, कुठंबी काम मिळंल तिला. तुझ्या वयाला पोलिसात बसवू का तुला?”

“तिनं सुऱ्या विकायला काढल्यात, जयराज.”

त्याच्या हातातला चमचा टेबलावर पडला. त्यानं उचलला आणि परत पुसायला लागला. “तू कुठं जायचं न्हाईस. मी सांगतोय.”

त्यानं हे माझ्यासाठीही केलं आहे, हे मला कळतं. म्हणून जास्त जड जातं. मी गेले तर एका पोराचं दुकान जातं. नाही गेले तर एका पोरीचा हात जातो. आणि दोन्ही माझ्या एका चमच्यामुळं.

आई


आष्टा
बुधवार, ५ मार्च

संयू,

हे पत्र स्पीड पोस्टनं पाठवते आहे, म्हणजे दहा तारखेच्या आधी तुझ्या हातात पडेल.

परवा सोमवारी मी माधवनगरला गेले. आधी मायाताईंकडं जायला हवं, मग अन्न खात्याच्या साहेबांकडं, असं मनानं घेतलं. दार प्रबुद्धरावांनी उघडलं. मी हंबीर्सच्या जयराजची आई म्हटल्यावर दार अर्धं लोटलं. “तडजोडीला आला असाल तर जावा. आमचं काय बोलायचं ते वकील बोलतील.”

“तडजोडीला न्हाई आले. मायाताईंना एक सांगायचंय. उंबऱ्याबाहेरनं सांगते.”

आतून मायाताईंचा आवाज आला, “येऊ द्या हो त्यांना.”

चेहरा उतरलेला होता. टेबलावर वह्यांचा गठ्ठा, बाजूला औषधाचं इंजेक्शन, डबीत ठेवलेलं. मी बसले नाही. जे तुला शनिवारी लिहिलं ते उभ्यानं सांगितलं. ऐकलं होतं, हेही सांगितलं. मधे प्रबुद्धराव उठले, खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले.

मायाताईंनी वह्यांचा गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाल्या, “आई, मी बाहेर कुठंच जेवत नाही. लग्नातसुद्धा घरून डबा नेते, लोक नावं ठेवतात, मिजास म्हणतात. तुमच्याकडं का जेवले सांगू? तुमच्या मुलीनं माझ्यासमोर वहीत लिहून घेतलं. तीनदा विचारलं. तेल कुठलं चालतं तेसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात कुणी मला खोटं ठरवलं नाही. म्हणून विश्वासानं घास घेतला.”

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

“ती रोज फोन करायची,” त्या म्हणाल्या. “मी घेतला नाही. हिनंच ताटात ते घातलं असं वाटायचं.”

“तिनं न्हाई. म्या घातलं.”

“‘मला माफ करा’ म्हणायला आलात का?”

“न्हाई बाई. ते मागायचं तोंड न्हाई मला. तिचा हात साफ हुता, एवढं तुमाला कळायला पायजे म्हणून आले.”

प्रबुद्धराव खिडकीतूनच म्हणाले, “हे असं घरात येऊन सांगून काय उपयोग? लिहून देणार का तिथं?”

“देणार.”

“दुकान बंद होईल तुमच्या मुलाचं.”

“व्हय.”

ते वळले.  मायाताईंनी मला पाणी दिलं. मी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या मुलीला सांगा, आज फोन केला तर मी घेईन.” माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. 

घरी आले तर जयराज ओसरीवर बसलेला. सांगलीहून गाडी घेऊन आला होता. त्याला कुणीतरी कळवलं होतं की मी माधवनगरला उतरले. म्हणाला, “आई, एकदा इचार कर. बाबांची पाटी हाय ती.”

मी आत जाऊन ट्रंक उघडली आणि बाबांच्या पत्रांतलं एक काढून त्याला दिलं. त्यांच्या हाताखालच्या एका पोरावर दुसऱ्याची चूक आली होती, तेव्हा त्यांनी वर जाऊन स्वतःचं नाव सांगितलं आणि हुद्द्याची पट्टी गमावली. तेच पत्र आक्काताईनं वाचून दाखवलं होतं आणि हसली होती, म्हणाली होती, “तुझा नवरा येडा हाय.” जयराजनं ते पत्र दोनदा वाचलं. घडी घालून परत दिलं. गाडीत बसला. तो माझ्याशी कधी बोलेल ते मला ठाऊक नाही. तू त्याच्याशी बोल, जमेल तेव्हा.

तू दहाला ये किंवा येऊ नको, पण जी चूक तू केली नाहीस तिच्यावर सही करू नको. सुऱ्या विकल्या असशील तर कुणाला विकल्या ते अर्जुनाला सांग, तो त्या माघारी आणेल. आणि शिवांजलीच्या घरी निदान चहा तरी तुझ्या हातानं कर.

सोमवारी त्यानंतर मी जेवले नाही, पण झोप लागली. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सव्वाआठच्या एसटीनं सांगलीला गेले आणि साहेबांच्या टेबलासमोर बसून माझ्या अक्षरात लिहून दिलं की, पातेलं नवं होतं, ते संयोगितानं धुऊन पुसून घेतलं होतं आणि त्यात कूट मी घातलं.

आई